नाताळची पत्रिका दारोदार: सांगणं कुठं संपतं आणि गळ घालणं कुठं सुरू होतं?

नगरी_चहा (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार आणि जय ख्रिस्त.

नाताळच्या आधीचे तीन आठवडे म्हणजे येशूबद्दल सांगणाऱ्या छापील पत्रिकांचा हंगाम. तरुण संघाची पोरं गठ्ठे घेऊन निघतात आणि संध्याकाळी निम्म्या पत्रिका एसटी स्टँडच्या पायऱ्यांवर चुरगळलेल्या दिसतात. या वर्षी गठ्ठ्यासोबत एक पानी सूचना द्यायच्या आहेत. कच्चा खर्डा असा:

१. दोघांनी जायचं. एकटं नाही, पाच जणांचा घोळकाही नाही.
२. दारात आधी आपलं नाव, मंडळीचं (आपल्या चर्चचं) नाव आणि कशासाठी आलो ते सांगायचं.
३. "नको" म्हटलं की "बरं, येतो" म्हणून निघायचं.
४. दुसऱ्याच्या देवाबद्दल एक अक्षर नाही.
५. घरात कुणी आजारी असेल तर प्रार्थना करायची.
६. लहान मुलांना चॉकलेट आणि पत्रिका.

काय चुकतंय, काय राहिलंय? ख्रिस्ती नसलेल्यांनी तर जरूर लिहा. दार तुम्हीच उघडता.

घाटावरचा_नास्तिक

सहावा मुद्दा आधी खोडा. बाकीचं नंतर बोलू.

पांढरी_टोपी

+१. आणि चॉकलेटच्या कागदावर वचन छापायची आयडिया कुणी काढली असेल तर तीही.

वॉर्ड_नंबर_सात

पाचवा मुद्दा असा ठेवू नका, नगरीदादा. "प्रार्थना करायची" नव्हे, "करू का असं विचारायचं", आणि तेही घरच्यांनी आजारपणाचा विषय स्वतः काढला तरच. खाटेवरचा माणूस दाराकडे चालत जाऊ शकत नाही. त्याला नको असलं तरी तो ऐकून घेतो. म्हणून सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाच्या वॉर्डात पत्रिका वाटूच नयेत. रुग्णाने स्वतः पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) बोलावलं तर गोष्ट वेगळी. तेव्हाही नर्सला सांगून, भेटीच्या वेळेत, हळू आवाजात, पाच-सात मिनिटं. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने ते ऐकायला होकार दिलेला नसतो.

आता औषधांचं, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. "प्रभू बरं करील" आणि "गोळी बंद कर" ही दोन निरनिराळी वाक्यं आहेत. पण चंगाई सभेच्या (प्रार्थनेने आजार बरे करायच्या सभेच्या) मांडवात ती एकापाठोपाठ आली की ऐकणाऱ्याला एकच वाटतात. क्षयरोगाचा साधा कोर्स किमान ६ महिन्यांचा. पहिल्या एक-दोन महिन्यांतच खोकला कमी होतो, वजन वाढायला लागतं, आणि नेमकी तेव्हाच "साक्ष दे", म्हणजे बरं झाल्याचं सगळ्यांसमोर सांग, म्हणून माणसाला स्टेजवर चढवतात. तो गोळ्या सोडतो. उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि मग घरातली इतर माणसंही त्याच चिवट जंतूंनी आजारी पडतात. फिट्सच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर झटका थांबतच नाही, अशी वेळ येऊ शकते. लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या मुलाचं तर दोन-चार दिवसांत जिवावर बेततं.

तुमच्या सूचनांत हे वाक्य ठळक घाला: "कुठलंही औषध चालू करा किंवा बंद करा, हे आपण सांगायचं नाही."

काळा_कोट

वरच्याला कायद्याची जोड देतो. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं त्यात येतं. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र करणंही येतं. कायदा कुठल्या एका धर्माचं नाव घेत नाही, त्यामुळे "आमची ती प्रार्थना, त्यांचा तो मंत्र" हा बचाव फार लांब जाणार नाही. शिवाय १९५४ चा औषध व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. सभेच्या फ्लेक्सवर "कॅन्सर, मधुमेह, लकवा बरे होतील" असं छापणाऱ्यांनी तो एकदा वाचावा.

अरुणोदय_७७

चंगाईवर सगळेच तुटून पडलेत म्हणून लिहितो. शुभवर्तमानांत आजारी बरे होतात, आणि ते वगळून येशू सांगा म्हणणं म्हणजे वरणातून डाळ काढून ठेवणं. प्रार्थना करण्यात गैर काय?

वॉर्ड_नंबर_सात

अरुणोदयदादा, प्रार्थनेत काहीच गैर नाही. माईकवरून हमी देण्यात गैर आहे. बरं नाही झालं तर "तुझा विश्वास कमी पडला" हे जे पुढचं वाक्य येतं, ते सगळ्यात क्रूर. साक्षच द्यायची असेल तर आधी उपचार पूर्ण, डॉक्टरांचा कागद हातात, आजाराचं नाव सांगायला रुग्णाची परवानगी, व्हिडिओ नाही आणि लहान मूल स्टेजवर नाही. एवढं पाळून किती साक्षी उरतात ते बघा.

अरुणोदय_७७

"हमी" हा शब्द पटला. लिहून ठेवतो.

वसईचा_सुकेळी

आमच्याकडे, म्हणजे कॅथलिकांत, १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हे स्वच्छ लिहून ठेवलंय. धर्मस्वातंत्र्याच्या घोषणेत म्हटलंय की श्रद्धेचा प्रसार करताना जबरदस्तीचा किंवा अप्रामाणिक मन वळवणीचा वाससुद्धा येता कामा नये, आणि गरीब व अशिक्षित माणसांच्या बाबतीत तर विशेषच. मिशनकार्यावरच्या दस्तऐवजातही सक्ती आणि आमिष दोन्हींना मनाई आहे.

प्रत्यक्षात ते कसं चालतं? प्रौढ माणूस "मला ख्रिस्ती व्हायचंय" म्हणत आला तर त्याला लगेच पाण्याखाली घेत नाहीत. दीक्षार्थी म्हणून स्वीकार, मग शिकवण, साधारण वर्षभर, कधी त्याहून जास्त. शेवटी ईस्टरच्या आदल्या रात्री स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा. मधे कधीही तो निघून जाऊ शकतो आणि बरेचजण जातातही. हा उशीर मुद्दाम ठेवलेला आहे. लग्नासाठी, नोकरीसाठी, भावनेच्या भरात आलेला माणूस वर्षभरात आपोआप गळतो.

खडकाळ_रान

पण फादर, बायबलमध्ये प्रेषितांची कृत्यें, आठव्या अध्यायात फिलिप्पाने कूशी (इथिओपियाच्या) षंढाला वाटेतच बाप्तिस्मा दिला. वर्षभर थांबला नाही.

वसईचा_सुकेळी

मी फादर नाही हो, केळी वाळवणारा आहे. 😄 पण तो अध्याय नीट वाचा. रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत होता तो स्वतः. फिलिप्पाने काय केलं? "आपण जे वाचता ते आपल्याला समजतं का?" एवढंच विचारलं. रथात बसायचं आमंत्रण षंढाने दिलं, पाणी दिसल्यावर विषयही त्यानेच काढला. प्रत्येक पाऊल ऐकणाऱ्याचं. शिवाय तो राणीच्या खजिन्याचा अधिकारी, त्याला फिलिप्पाकडून एक पैसुद्धा मिळायची नव्हती. घाई करायला हरकत नाही, घाई समोरच्याची असेल तर.

पांढरी_टोपी

वारकऱ्याच्या नजरेतून पत्रिकेच्या भाषेबद्दल बोलू का? तुमच्या पत्रिका मराठीत असतात, पण कुठल्या मराठीत ते कळत नाही. "तुझे तारण झाले आहे काय?" असं वाचल्यावर गावातला माणूस सोसायटीच्या कर्जाचा विचार करतो. घर तारण, सोनं तारण. त्याला वाटतं वसुलीवाले आले.

घाटावरचा_नास्तिक

😂😂 आणि "कोकऱ्याच्या रक्तात धुतलेले". साबणाची जाहिरात एवढी भीतीदायक नसते.

ओवी_ते_ओळ

हसू नका, मुद्दा खरा आहे. आतल्या माणसांचे शब्द बाहेर जसेच्या तसे नेले की घोटाळा होतो. माझ्याकडची यादी:

"पापी". ख्रिस्ती अर्थ: आपण सगळेच, सांगणाराही. मराठी कानाला ऐकू येतं: शिवी. "आपण सगळे कुठे ना कुठे चुकतो" इथून सुरुवात करा, अर्थ तोच पोचतो.
"अंधारात असलेले". शेजाऱ्याला अंधारातला म्हणायचं आणि मग त्याच्याकडे फराळाला जायचं?
"आत्मे जिंकणे", "मोहीम", "या गावावर झेंडा". ही लढाईची भाषा. ज्याला जिंकायचं तो शत्रू ठरतो. मंडळीच्या अहवालात "या महिन्यात इतके आत्मे" असा रकाना असेल तर तो आधी काढा. रकाना आला की तो भरायची घाई आली, आणि दारातला माणूस आकडा झाला.
"सुवार्ता" चालेल, पण पहिल्यांदा "आनंदाची बातमी" म्हणा.
"जगिक", "विश्वासणारे", "ओझं आलं" हे शब्द घरीच ठेवा.
आणि हिंदी पत्रिकांचं शब्दशः भाषांतर करू नका. "कलीसिया" मराठी माणसाला कळत नाही, आपला शब्द "मंडळी" आहे.

पत्रिका ए-फाइव्ह आकाराची, एकदा दुमडलेली, अडीचशे-तीनशे शब्द, अक्षर चौदा पॉइंटचं. आठ पॉइंटमध्ये अख्खं रोमकरांस पत्र बसवायचा मोह आवरा. एकच उतारा पूर्ण द्या. उधळ्या पुत्राची गोष्ट घ्या, तिला टीप लागत नाही. मागे मंडळीचं नाव, पत्ता आणि असा एक फोन नंबर, जो उचलला जाईल आणि पलीकडचा माणूस शिव्या ऐकूनही "नमस्कार" म्हणेल. नाव-पत्ता नसलेली पत्रिका म्हणजे निनावी पत्र. लोक संशय घेतात आणि बरोबर घेतात.

भीमेकाठ

ओवीताई, यादी फ्रेम करून लावण्यासारखी. एक भर: पत्रिकेवर दुसऱ्या धर्माच्या देवतेचं चित्र, उपहासाने किंवा तुलनेलासुद्धा, नको. आणि देवळाच्या पायरीवर, दर्ग्याच्या फाटकात, पालखीच्या वाटेवर, जत्रेत वाटप नको. कायदा काय म्हणतो ते नंतर, पण माणूस त्याच्या देवाला भेटायला निघालाय, वाटेत आडवं कशाला जायचं?

खडकाळ_रान

प्रेषित पौल अथेन्समध्ये नेमका तिथेच गेला की. प्रेषितांच्या कृत्यांच्याच सतराव्या अध्यायात.

ओवी_ते_ओळ

गेला, पण त्याने काय केलं बघा. शहर हिंडून पाहिलं, वेद्या वाचल्या, "अज्ञात देवाला" हा त्यांचाच लेख उचलला आणि त्यांच्याच कवींची ओळ सांगितली. अरीयपगात (अथेन्सच्या सभेत) तो लोकांनी नेलं म्हणून उभा राहिला. मूर्ती पाहून मनातून तो चिडलेला होता, तेही तिथे लिहिलंय, पण भाषणात शिवी नाही. शेवटी काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा ऐकू, थोडे सोबत गेले. तेवढ्यावर तो निघाला.

मांडवीचा_वारा

गोव्याकडून एक मुद्दा. दुसऱ्याच्या भाषेत, दुसऱ्याच्या छंदात सांगणं हे सगळ्यांना सुंदर वाटतं. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये तिथल्या साष्टी भागात, रायतूरला, त्याचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या, मराठी भाषा, रोमन लिपी. मराठीचं कौतुक करताना आपण त्याची ओवी उगाळतो. पण त्याच साष्टीत १५६७ मध्ये देवळं पाडली गेली होती. १५६० पासून इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) होतं. १५५९ च्या पोर्तुगीज फर्मानाने पोरकी हिंदू मुलं ख्रिस्ती करण्यासाठी ताब्यात घेतली जात. ओवी गोड आहे, पण ती ऐकणारा मोकळा होता का?

ओवी_ते_ओळ

बरोबर, म्हणून त्या पुराणाकडे "प्रचाराचा नमुना" म्हणून बघू नये असं माझं मत. ते मुळात बाहेरच्यांसाठी नव्हतंच. नवख्रिस्ती झालेले लोक म्हणत होते की आमची जुनी पुराणं काढून घेतलीत, आता त्या जागी वाचायला काहीतरी द्या. त्यांच्यासाठी ते लिहिलं. स्टीफन्सचा सद्भाव खरा मानला तरी जबरदस्तीने झालेल्या पोकळीत त्याने भर घातली, हेही खरं. आणि पुढे १६८४ मध्ये त्याच पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेवरच बंदीचं फर्मान काढलं. सत्ता पाठीशी असली की चांगलं साहित्यसुद्धा निर्मळ राहत नाही.

नगरी_चहा

मग कीर्तनाचं काय? नगरला ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा जुनी आहे. पूर्वरंगात वचनाचं निरूपण, उत्तररंगात बायबलमधलं आख्यान, पेटी, तबला, झांज. नारायण वामन टिळकांनी ते रंगवलं. ते वेषांतर म्हणायचं का?

पांढरी_टोपी

नाही हो. कीर्तन कुणाच्या खाजगी मालकीचं नाही. फक्त पहिल्या दहा मिनिटांत कळू द्या की आख्यान येशूचं आहे. "संतकथा" असा बोर्ड लावून लोक गोळा करायचे आणि शेवटी पत्ता उघडायचा, हे मात्र खपवून घेणार नाही. टिळक "माझा येशू" असं उघड म्हणत, म्हणून त्यांचे अभंग इतरांनीही ऐकले.

काळा_कोट

मदुराईचा मिशनरी रॉबर्टो डी नोबिली हे याचं अवघड उदाहरण. १६०६ पासून त्याने संन्याशाची वस्त्रं, शाकाहार, संस्कृत, तमिळ हे सगळं स्वीकारलं. १६२३ मध्ये पोपने जानव्या-शेंडीसारख्या चालीरीतींना मुभाही दिली. पेहराव बदलला तोवर ठीक. पण पुढच्या काळात फ्रेंच जेझुइट (एका कॅथलिक संघाच्या) पाद्र्यांच्या वर्तुळातून एक "एझूर वेद" नावाचा बनावट वेद निघाला. फ्रेंच विचारवंत व्होल्टेअरसुद्धा त्याला अस्सल समजला. दुसऱ्याचा पोशाख घालणं एक, दुसऱ्याची सही करणं दुसरं.

घाटावरचा_नास्तिक

आवडलं. पण मी मूळ आक्षेपावर येतो: मदत आणि पत्रिका. पुराच्या वेळी तांदळाच्या पोत्यात पत्रिका टाकणं याला तुम्ही काय म्हणता?

भीमेकाठ

आमिष.

अरुणोदय_७७

आमिष कसं? तांदूळ सगळ्यांना दिला, पत्रिका वाचायची सक्ती नाही. आणि देणारा कोण आहे ते लपवायचं का? तोही खोटेपणाच.

वसईचा_सुकेळी

पोत्यावर संस्थेचं नाव असू द्या, ती ओळख झाली. आत पत्रिका नको. कारण घेणाऱ्याच्या डोक्यात हिशेब सुरू होतो: पुढच्या आठवड्याचं पोतं मिळायला हे वाचायला हवं का? तुम्ही नाही म्हणालात तरी त्याला खात्री नसते. म्हणून तीन गोष्टी पाळा. वाटप मंडळीच्या आवारात नको, शाळेत किंवा ग्रामपंचायतीसमोर करा. यादी गावाने करावी, आपण नाही. आणि वाटणारे आणि सुवार्ता सांगणारे हातच वेगळे ठेवा, त्या महिन्यात तरी. तांदूळ घेताना प्रार्थनेला उभं करणं, फोटो काढणं, तो फोटो देणगीदारांना पाठवणं: तिन्ही बंद.

मांडवीचा_वारा

प्रभूने शिष्यांना "माणसे धरणारे" केलं म्हणतात. पण त्यांच्याकडे जाळं होतं, गळ नव्हता. आमिष गळाला लागतं.

घाटावरचा_नास्तिक

जाळ्यातल्या माशाचं मतही विचारा एकदा. 😏

मांडवीचा_वारा

घ्या! ही बाजू सुचलीच नव्हती. उपमा मागे घेतो.

काळा_कोट

कायद्याचा भाग एकदाच सांगतो, मग गप्प बसतो.

संविधानाचा अनुच्छेद २५ धर्म "प्रकट करण्याचा, आचरण्याचा आणि प्रसार करण्याचा" हक्क देतो. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात नाही. त्यावर टीकाही खूप झाली, पण निकाल उभा आहे.

राज्यांचे धर्मांतराबद्दलचे कायदे वेगवेगळे आहेत. ओडिशाचा १९६७ चा, मध्य प्रदेशाचा मूळ १९६८ चा आणि नवा २०२१ चा, गुजरातचा २००३ चा. नंदुरबार-नवापूरकडच्या मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवावं. सभा इकडे आणि बाप्तिस्मा नदीपलीकडे, असं झालं की लागू होणारा कायदाच बदलतो. मध्य प्रदेशच्या कायद्याप्रमाणे धर्मांतराच्या ६० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, गुजरातेत आधी परवानगी लागते. आपल्या गावात आज काय लागू आहे ते दरवर्षी स्थानिक वकिलाकडून तपासून घ्या. फोरमवर वाचून ठरवू नका, माझंसुद्धा.

लाउडस्पीकरला पोलिसांची लेखी परवानगी आणि रात्री १० ते सकाळी ६ बंद. कॅरलवाल्यांनो, ऐकताय ना? परदेशी पाहुणा पर्यटक व्हिसावर आला असेल तर त्याला प्रवचनाला उभं करू नका. त्यासाठी वेगळा मिशनरी व्हिसा असतो.

भीमेकाठ

कोटसाहेब, एक राहिलं, आणि ते कुठल्याच पत्रिकेत नसतं. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे तो दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती झालेल्याला तो मिळत नाही. (अनुसूचित जमातींना धर्माची अट नाही, ते वेगळं.) म्हणजे अनुसूचित जातीतल्या तरुणाला बाप्तिस्म्याआधी हे समोर बसवून सांगायला हवं: दाखला, शिष्यवृत्ती, राखीव जागा यांवर परिणाम होईल. हे न सांगता दिलेला बाप्तिस्मा ही फसवणूक. आणि "कागदावर जुनंच राहू दे, रविवारी ये" असा सल्ला देणारे तर त्याला आयुष्यभराच्या खोट्यात ढकलतात.

बाबासाहेबांनी येवल्याला १९३५ मध्ये घोषणा केली आणि नागपूरला दीक्षा घेतली १९५६ मध्ये. एकवीस वर्षं. मधल्या काळात सगळ्या धर्मांची माणसं त्यांच्या दारात येऊन गेली. घेणाऱ्याने किती वेळ घ्यावा, हे देणाऱ्याने ठरवू नये.

पांढरी_टोपी

दंडवत.

खडकाळ_रान

आता मुलांच्या मुद्द्यावर. चॉकलेट एवढं गंभीर आहे का? दिवाळीत आपण शेजारच्या मुलांना लाडू देतोच.

काळा_कोट

लाडू आईसमोर देतो आणि त्यासोबत "आता आमचा देव मान" असं म्हणत नाही.

मुंबईला याचा इतिहास आहे. १८३९ मध्ये मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या पारशी तरुणांच्या बाप्तिस्म्यावरून कोर्टबाजी झाली आणि शाळेचा पट धडाधड कोसळला. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या लहान मुलाचं प्रकरण. थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झालेला, धाकटा मिशनऱ्यांकडे राहिला. कोर्टाने त्याला आईबापांकडे परत दिलं. मग त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावर ब्राह्मणांत वादळ. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले. पोराची दोन्हीकडून ओढाताण झाली.

ओवी_ते_ओळ

आणि शारदा सदन, विधवा मुलींची निवासी शाळा. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये सुरू केलं तेव्हा धर्मशिक्षण देणार नाही ही बोली होती. रमाबाई स्वतःची प्रार्थना दार उघडं ठेवून करत आणि मुली येऊन बसत. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांचं सल्लागार मंडळ बाहेर पडलं, पालकांनी मुली काढून नेल्या.

खडकाळ_रान

रमाबाईंनी सक्ती केली नव्हती! स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायचीही चोरी?

ओवी_ते_ओळ

सक्ती केली असं मीही म्हणत नाही. पण ज्या मुलींना जायला दुसरं घर नाही, त्यांना अन्न, शिक्षण आणि माया देणारी बाई रोज ज्या खोलीत बसते, तिचं दार उघडं आहे. याला मोकळीक म्हणायचं की ओढ? इथे दोन्ही बाजूंना खरेपणा होता असं मला वाटतं. व्यवहाराचा नियम एवढाच: वसतिगृह, शिकवणी, पाळणाघर चालवत असाल तर पहिल्या दिवशी पालकांना लेखी सांगा की इथे काय प्रार्थना होते आणि मूल त्या वेळी दुसरं काय करू शकतं. "दुसरं काय" म्हणजे बाहेर उन्हात उभं करणं नव्हे.

टेक्सासची_थालीपीठ

इकडे परदेशात मराठी मंडळांतही हा प्रकार दिसतो. "फ्री इंग्लिश क्लास" असा बोर्ड, तिसऱ्या तासाला बायबल निघतं. नवीन आलेल्या सुनेला "नो" म्हणायची भीड पडते. बोर्डावर "बायबलच्या आधारे इंग्रजी" असं लिहिलं तर कुणाचीच तक्रार नाही. ज्याला यायचं तो येईल.

अवांतर: वसईकर, सुकेळी कुरियरने मिळतात का?

वसईचा_सुकेळी

मिळतात. व्यनि (खाजगी निरोप) करा. (तांदळाच्या पोत्यासारखी त्यातही पत्रिका नसेल.)

अरुणोदय_७७

सगळं "नको, नको" चाललंय. मग करायचं काय? गप्प बसायचं? विश्वास ही सांगायचीच गोष्ट आहे.

वसईचा_सुकेळी

सांगायचीच. पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात क्रम दिलाय: कुणी तुमच्या आशेबद्दल विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि भीडस्तपणाने. म्हणजे आधी विचारण्यासारखं जगायचं, मग विचारल्यावर टाळायचं नाही. २०११ मध्ये चर्चेसची जागतिक परिषद, व्हॅटिकन आणि जागतिक इव्हँजेलिकल संघ या तिघांनी मिळून आचारसंहिता काढली, तिचाही रोख हाच. एरवी ही तिघं एका ताटात जेवायला मुश्किलीने बसतात.

टिळकांचंच बघा. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एक गोरा प्रवासी भेटला. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या, निघताना त्याने नवा करार दिला. पाठलाग नाही, पत्ता मागणं नाही. पुढची दीड-दोन वर्षं टिळक स्वतः वाचत, भांडत, लिहीत राहिले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा.

भीमेकाठ

आणि तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कुठे होत्या? सोबत नव्हत्या. त्यांचा बाप्तिस्मा १९०० मध्ये, मधली वर्षं त्यांनी काय भोगलं ते त्यांनीच लिहून ठेवलंय. म्हणून बाप्तिस्मा मागणाऱ्याला पाळकांनी पहिला प्रश्न विचारावा: घरी सांगितलंय का? परवानगीसाठी नव्हे, प्रौढ माणसाला ती लागत नाही. पण बायकोला शेजारणीकडून कळू नये.

नगरी_चहा

सगळ्यांचे आभार. पाळकसाहेबांना दाखवायला सुधारलेला खर्डा:

१. दोघे, त्यांतली एक बाई असली तर उत्तम. दुपारी १ ते ४ आणि दिवे लागल्यावर नाही.
२. नाव, मंडळी, कारण पहिल्या वाक्यात. उंबरठा बोलावल्याशिवाय ओलांडायचा नाही.
३. "नको" म्हणजे नको. त्या घरी या हंगामात पुन्हा नाही. "नको"चं कारण विचारायचं नाही.
४. दुसऱ्याच्या देवाबद्दल एक अक्षर नाही. देऊळ, दर्गा, विहार, जत्रा, रुग्णालय, शाळा इथे वाटप नाही.
५. प्रार्थना मागितली तरच. औषधांबद्दल काहीही बोलायचं नाही.
६. अठरा वर्षांखालील कुणालाही पत्रिका नाही. चॉकलेट नाही.
७. नाव, फोन, जात, आजार यांची नोंद करायची नाही. फोटो नाही. ज्याला बोलायचंय तो पत्रिकेवरच्या नंबरवर फोन करेल.
८. पत्रिका ५०० च छापायच्या, २००० नाही. हातात दिल्याशिवाय कुठे ठेवायची नाही, गाडीच्या काचेखालीही नाही. परत येताना रस्त्यात पडलेल्या आपल्याच उचलून आणायच्या.

घाटावरचा_नास्तिक

तिसऱ्यात "कारण विचारायचं नाही" हे कुणी सुचवलं? झकास.

आठव्यात मात्र गोची आहे. पडलेली पत्रिका उचलताना कुणी पाहिलं तर त्याला वाटेल तुम्ही त्यालाच देणार आहात. पिशवी उघडी ठेवा.

पांढरी_टोपी

आणि नगरकर, आमच्या दारी आलात तर पत्रिका घेईन, चहा देईन, आणि जाताना हरिपाठाची छोटी प्रत हातात ठेवीन. ती घ्यावी लागेल, हे नववा मुद्दा म्हणून घाला.

नगरी_चहा

घातला. शब्द असे: "समोरच्याने त्याचं पुस्तक दिलं तर दोन्ही हातांनी घ्यायचं, आणि घरी जाऊन वाचायचं."

ओवी_ते_ओळ

"वाचायचं"च्या आधीचा स्वल्पविराम काढा. बाकी छापायला द्या.